गिलाव्याआड गेलेलें घर



‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यांतील ‘पाहावें’ या शब्दाचा रोख अर्थातच अनुभव घेण्याकडे आहे, डोळ्यांनीं पाहण्याकडे नव्हे. परंतु शहरांतील सुशिक्षित कुटुंब आज बहुधा घर बांधीत नाहीं. तें तयार घर विकत घेतें, आणि मग पाहण्याचा खरोखरीच प्रश्न येतो. रविवारीं सकाळीं घरधनी, घरधनीण व एखादा जाणता मेहुणा अशी मंडळी जागा पाहावयास जातात. फरशीचा रंग पाहतात, नळ फिरवून पाहतात, खिडकींतून काय दिसतें तें पाहतात. मेहुणा भिंतीवर बोटाच्या पेरानें दोनदां टकटक करतो आणि समाधानानें मान हलवितो. त्या टकटकीनें नेमकें काय कळलें हें त्याला विचारूं नये. त्यांत त्याचा दोष नाहीं. घर किती वर्षें टिकणार, आणि त्या घरांत माणसाला किती वर्षें मोकळेपणानें वावरतां येणार, हें ज्या गोष्टींवर ठरतें त्यांपैकीं बहुतेक गोष्टी त्या वेळीं गिलाव्याच्या, फरशीच्या आणि मातीच्या आड गेलेल्या असतात.

अशा आड गेलेल्या एका गोष्टीचें मोल काय असतें, हें महाराष्ट्रानें १९९३ सालीं पाहिलें. सप्टेंबरच्या २९ तारखेस गणपतीचें विसर्जन झालें. गांवोगांवची मंडळी उशिरां घरीं येऊन झोंपलीं. ३० तारखेच्या पहाटे चार वाजावयास चार मिनिटें असतांना लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. मापनांत त्याची प्रत सव्वासहाच्या आसपास होती. जगांतील मोठ्या भूकंपांशीं तुलना केली तर तो मध्यमच म्हणावा लागेल. तरी सुमारें आठ हजार माणसें मेलीं, आणि कांहीं गणनांत हा आंकडा त्याहूनहि मोठा आहे. भूकंपानें माणसें मारलीं असें आपण म्हणतों. वस्तुतः त्यांतील बहुतेकांना त्यांच्याच घरांच्या भिंतींनीं आणि छपरांनीं मारलें.

हीं घरें दुबळीं दिसत नव्हतीं. परक्या माणसाला तीं गढीसारखीं वाटावींत! दगडी भिंती, दोन-अडीच फूट जाडीच्या, कोठें कोठें चार फुटांपर्यंतहि. वर माळवद, म्हणजे लांकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचे थर. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबावी म्हणून आणखी माती टाकावयाची, असें पिढ्यान्‌पिढ्या करतां करतां तो थर फूट-दोन फुटांचा झालेला. उन्हाळ्यांत आंत गारवा, आणि दाराशीं उभें राहिलें तर भिंतीच्या जाडीचा अभिमान वाटावा. ती जाडी मात्र फसवी होती. बाहेरून दगडांचा एक पडदा, आंतून दुसरा, आणि दोहोंच्या मध्यें दगडगोटे व चिखल. दर्शनी दगड निगुतीनें बसविलेले, पोटांत नुसती भरताड! या दोन पडद्यांना एकमेकांशीं जखडून ठेवणारा, भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. जमीन हलतांच भरताड खालीं बसूं लागली, तिनें दोन्ही पडदे बाहेर रेटले, भिंत फुगली आणि तडकलेल्या शेंगेप्रमाणें दोन बाजूंना उकलली. मग माळवदावरील मातीचा सारा भार खालीं झोंपलेल्या माणसांवर आला.

त्याच परिसरांत आणखी एक गोष्ट दिसून आली. जेथें माळवदाचा भार भिंतींवर न टाकतां लांकडी खांबांवर घेतलेला होता आणि खांब-तुळयांचे सांधे नीट होते, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती कोसळूनहि सांगाडा उभा राहिला, छप्पर वरच राहिलें आणि खालचीं माणसें वांचलीं.

आरपार दगड घालणें ही कांहीं परदेशांतून आलेली विद्या नव्हे. चांगला गवंडी ती जाणतो. दगडी भिंतींत दर दोन फूट उंचीला, आडव्या रेषेंत चार-चार फुटांच्या आंत असा एक दगड असावा, असें भारतीय मानकांत सांगितलें आहे. भिंत चढत असतांना लांबट दगड निवडून तो आडवा घालावयास श्रम ते किती! तोच दगड भूकंपानंतर, उभ्या राहिलेल्या घरांत बसवावयाचा तर काय करावें लागलें पाहा. भिंतींतील दगड हलक्या हातानें काढून आरपार भोंक करावयाचें, त्यांत टोकांना आंकडे असलेली लोखंडी सळई ठेवावयाची, भोंकांत काँक्रीट भरावयाचें, तें भिजवून घट्ट होऊं द्यावयाचें. आणि हें भिंतीभिंतींत, पुनःपुन्हां. मजबुतीकरणाच्या कामांत हें प्रत्यक्ष करण्यांत आलें. बांधतांना केलेल्या आळसाची ही भरपाई!

शहरांतील श्रोत्याला वाटेल कीं, आमच्या घराला दगडमातीच्या भिंती नाहींत, आमचें घर काँक्रीटचें आहे. तें खरें, पण त्याच्या पोटांतहि एक सांगाडा आहे आणि तो लोखंडाचा आहे. उघड्यावरचें लोखंड गंजतें, काँक्रीटमधलें सहसा गंजत नाहीं. कारण काँक्रीट अल्कधर्मी असतें आणि त्याच्या संगतींत लोखंडावर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेंतील कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षें आंत शिरून हा गुण मारीत येतो, आणि समुद्रकांठीं मिठाचा अंश त्याच्या मदतीला येतो. म्हणून सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्यें काँक्रीटची जाडी किती, याला महत्त्व आहे. मानकाप्रमाणें ती स्लॅबमध्यें निदान २० मिलिमीटर, खांबांत ४०, आणि समुद्राच्या हवेंत त्याहून अधिक असावी लागते. काँक्रीट ओततांना सळई सेंट्रिंगला टेकूं नये म्हणून तिच्याखालीं सिमेंटच्या लहान वड्या ठेवतात. कामावरचे लोक त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. बर्फीच्या तुकड्याएवढी ही वस्तु, तिची किंमत ती काय! पण ती नसली, किंवा होती ती मजुरांच्या पायाखालीं सरकली, तर सळई फळीला जवळजवळ टेकते आणि वीस मिलिमीटरांच्या जागीं चार-पांचच उरतात. घर ताब्यांत घेतांना यांतील कांहींच दिसत नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं छताला बारीक रेघ पडते, मग पोपडा सुटतो, कारण गंज हा मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीटला आंतून फोडतो. समुद्रकांठच्या शहरांतून जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखालीं उघड्या पडलेल्या तांबड्या सळया पुष्कळांनीं पाहिल्या असतील. ‘खारी हवा बाधली’ असें अशा वेळीं म्हणण्याची रीत आहे. खारी हवा शेजारच्या इमारतीलाहि तीच असते.

पाण्याचीहि तीच कथा. ओतलेलें काँक्रीट वाळून घट्ट होतें ही समजूत चुकीची आहे. तें पाण्याच्या संयोगानें घट्ट होतें. म्हणून तें निदान सात दिवस, आणि राख मिसळलेलें सिमेंट असेल तर दहा दिवस, सतत ओलें ठेवावें लागतें. चौथ्या दिवशीं टँकर येत नाहीं, पांचव्या दिवशीं पाणी मारणारा मजूर गांवीं जातो, आणि काम पुढें सरकतें. त्या चार दिवसांचें न दिलेलें पाणी मागाहून कोणत्याहि किमतीला देतां येत नाहीं.

आतां जोत्याकडे वळूं. कारण तेथें या विषयाची खरी गांठ आहे. जुनीं जोतीं उंच असत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत जळाला, लांकडी मजले नाहींसे झाले. पण त्याचीं दगडी जोतीं आजहि पाहावयास मिळतात. जोतें उंच ठेवण्यांत केवळ डौल नव्हता. जमिनींतील ओल भिंतींत वर चढते. टीपकागदाचें टोक शाईंत बुडविलें म्हणजे शाई जशी आपोआप वर सरकते, तशीच ही विटेंतून सरकते. तिच्याबरोबर जमिनींतील क्षार येतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पिठासारखा गळूं लागतो. म्हणून जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू करण्यापूर्वीं, दीड-दोन इंचांचा पाणी न शोषणारा काँक्रीटचा थर सलग घालतात. सलग हा शब्द महत्त्वाचा. एवढें करूनहि पुढें हौसेनें बागेची माती भिंतीला टेकवून त्या थराच्याहि वर चढविली कीं, ओल त्याला वळसा घालून भिंतींत शिरते. थर बिचारा आपल्या जागीं निर्दोष असतो!

तेव्हां जोतें जितकें उंच, तितकें घर टिकाऊ. पण जोतें जितकें उंच, तितकें तें थकलेल्या पायांना दूर. घराच्या दोन गुणांचें येथें भांडण लागतें. वाड्यांच्या थोरवीविषयीं आज पुष्कळ लिहिलें-बोललें जातें; परंतु हें भांडण वाड्यांनीं सोडविलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पायऱ्या, मग उंच उंबरा, मग भिंतीच्या जाडींतून चढणारा अंधारा जिना, आणि त्या जिन्यांत हातांनीं धरावयास लोंबता दोर. दोर बांधला होता त्या अर्थीं अडचण त्या लोकांनाहि कळत होती. घरांतील म्हातारी एकदां माजघरांत बसली म्हणजे ओसरीवरचें जग तिला ऐकूं येई, तेवढेंच.

चाकांच्या खुर्चीला चढतां यावें तर उतार एकास बारा याहून तीव्र नसावा, असा नियम आहे. हिशेब करून पाहावा. जोतें दीड फुटाचें असेल तर उतार अठरा फूट लांब हवा; वर आणि खालीं खुर्ची वळविण्यास चार-पांच फुटांची सपाट जागा निराळी. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस फूट झाले. बंगल्याचें फाटक दारापासून दहा फुटांवर असेल तर हा उतार मागाहून कोठें घालणार? मग लोक पायऱ्यांवर दोन फळ्या टाकतात, आणि खुर्चीला मागून धरावयास दोन गडी लागतात. तोच विचार प्रथम आखणी करतांना झाला तर फाटक एका कोपऱ्यांत घेतां येतें, वाट बागेच्या कडेनें वळवून हळूहळू चढवीत नेतां येते. भिंत आणि मातीचा भराव यांच्यामध्यें चर ठेवला म्हणजे ओलहि भिंतीला लागत नाहीं. दारापुढें वर छज्जा आणि खालीं जाळी घातलेली आडवी नाली असली कीं पावसाचें पाणी आंत येत नाहीं. अशा घराला उतार आहे हें पाहुण्याच्या लक्षांतहि येणार नाहीं. तो सहज चालत आंत येईल, आणि त्याच्या मागून त्याची आईहि. जोतें कमी करावें लागलें नाहीं, ओलहि चढली नाहीं.

उंच इमारतींत जोत्याचा प्रश्न लिफ्टनें मिटला असें वाटतें. कित्येक ठिकाणीं लिफ्टच्या दारापर्यंत पोहोंचण्याआधीं चार पायऱ्या असतात. लिफ्ट बाराव्या मजल्यावर नेईल हो, पण लिफ्टपर्यंत कोण नेणार?

आमच्या घरीं कोणी अपंग नाहीं, मग हा खटाटोप कशाला, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. आज नसेल. पण घर साठ-सत्तर वर्षें उभें राहावें अशी अपेक्षा आहे, आणि तितक्या काळांत घरांतील प्रत्येक तरुण म्हातारा होणार आहे. शिवाय पाय मोडलेला मुलगा, दिवस भरत आलेली सून, बाबागाडी ढकलणारी आई यांना उंबरा वेगळा वाटत नाहीं. वार्धक्यांत ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें म्हणजे तें जुळलें तरी पुष्कळांना पूर्वीचें चालणें परत येत नाहीं. त्यानंतर माणूस त्याच घरांत राहतो, पण घर त्याचें राहत नाहीं. न्हाणीघर चार पावलांवर असतें आणि तेथें जावयास त्याला कोणाला तरी हांक मारावी लागते. ज्या वयांत माणसाला कोणाला हांक मारण्याचा संकोच सर्वांत अधिक वाटतो, नेमकें त्याच वयांत.

म्हणून न्हाणीघराचा उंबरा थोडा तपासून पाहिला पाहिजे. ‘चौकट’ या शब्दांतच चार आहेत: दोन उभीं लांकडें, वर एक आणि खालीं उंबरा. खोल्यांच्या दारांतून तें चौथें लांकूड केव्हांच गेलें. चौकट तीन लांकडांची झाली, नांव मात्र जुनेंच राहिलें. न्हाणीघरांत मात्र उंबरा दगडाच्या पट्टीच्या रूपानें टिकून आहे, कारण पाणी बाहेर येऊं नये. पाणी अडविण्याचें हें काम फरशीखालींहि करतां येतें. त्या खोलीपुरती स्लॅब आठ-दहा इंच खालीं टाकतात. त्या खोलगट जागेंत जलरोधक थर घालून तो भिंतींवरहि वीतभर चढवितात. पाण्यानें भरून एक-दोन दिवस तसाच ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का पाहतात. मग नळ, भराव आणि फरशी. फरशीला मोरीच्या जाळीकडे दर मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर ढाळ दिला म्हणजे पाणी दाराकडे येतच नाहीं, आणि आंतली व बाहेरची फरशी जवळजवळ एका पातळींत ठेवतां येते. ढाळ चुकला तर मात्र कितीहि उंच उंबरा घातला तरी रोज सकाळीं खराटा हातीं घ्यावा लागतो. पाण्याची ती एक-दोन दिवसांची परीक्षा घाईंत टाळूं नये. फरशी बसल्यावर ती घेण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं.

उरली आधाराची दांडी. घसरणारा माणूस दांडी धरतो तेव्हां त्याचा सारा भार एका हिसक्यानें तिच्यावर येतो. आजच्या इमारतींतील आंतल्या भिंती पुष्कळदां पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साध्या स्क्रूनें बसविलेली दांडी टॉवेल सांभाळील. माणूस सांभाळण्याच्या वेळीं ती टाइलसकट हातांत येईल. आणि हातांत आलेली दांडी ही नसलेल्या दांडीपेक्षां वाईट, कारण माणसानें तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो. यावर उपाय असा कीं, टाइल बसविण्यापूर्वीं शौचकूप व स्नानाची जागा यांच्या बाजूंच्या भिंतींत, फरशीपासून अडीच फुटांच्या सुमारास, भरीव काँक्रीटचा एक पट्टा भरून घ्यावा. दांडी आज लावूं नये वाटत असेल तर लावूं नये. अमेरिकेंत १९८८ सालीं झालेल्या कायद्यानें नेमकें हेंच केलें आहे. मार्च १९९१ नंतर वापरांत आलेल्या, चार किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींत, लिफ्ट असेल तर सर्व घरांना आणि नसेल तर तळमजल्याच्या घरांना, न्हाणीघराच्या भिंतींत असा आधार आधींच भरून ठेवण्याची सक्ती तेथें आहे. दांडी बसविण्याची सक्ती नाहीं! जिला लागेल तिनें लागेल तेव्हां बसवावी.

दारांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. न्हाणीघराला अडीच फुटांचें दार देण्याची जी रूढी पडली आहे, तींतून चौकटीची व फळीची जाडी वजा जातां चाकांची खुर्ची जेमतेम शिरते किंवा अडकते. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी. जागेच्या अडचणीनें आज तितकें दार नको असेल, तर निदान दारावरची काँक्रीटची तुळई तेवढी लांब टाकून ठेवावी आणि मधली फट विटांनीं भरून टाकावी. पुढें केव्हां दार रुंद करावयाचें झालें तर तेवढ्या विटा काढल्या कीं झालें. वरची भिंत तोलून धरावयास टेकू लावण्याचा प्रसंग येत नाहीं.

तयार घर घेणाऱ्याच्या हातीं यांतलें किती असतें, असा प्रश्न उरतो. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यानें ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत दिसून आलेला बांधकामांतील दोष विकसकानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा आहे. हा आधार मोठा आहे. गळती, तडे, ढाळ चुकलेली मोरी हीं या मुदतींत उघडकीला येतात, म्हणून पहिल्या दोन पावसाळ्यांत डोळे उघडे ठेवून तक्रार लेखी करावी. पण गंजाला घाई नसते. पातळ आवरणाखालची सळई पांच वर्षें निमूट राहते आणि पुष्कळदां कायद्याची मुदत संपल्यावर बोलूं लागते. म्हणून इमारतीचें काम चालूं असतांनाच जागा घेणाऱ्यांनीं एकट्यादुकट्यानें न जातां चार-सहा कुटुंबांनीं मिळून आपल्या विश्वासाचा एखादा स्थापत्यविशारद न्यावा, आणि सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वीं, त्याला एकदां पाहूं द्यावें. त्याची दक्षिणा घराच्या किमतींत दिसणारहि नाहीं.

ज्यांचीं घरें केव्हांच बांधून झालीं आहेत त्यांनाहि एक संधि मिळते. न्हाणीघराची फरशी व टाइल कधीं ना कधीं बदलावी लागते, आणि त्या आठ दिवसांत भिंत पुन्हां उघडी होते. काँक्रीटचा पट्टा, ढाळ, जलरोधक थर हें सर्व तेव्हां होऊं शकतें. टाइलच्या रंगावर घरांत जितकी चर्चा होते तिच्या चौथ्या हिश्शानें जरी या गोष्टींवर झाली तरी पुरे. टाइल चढण्यापूर्वीं त्या भिंतींचीं छायाचित्रें काढावींत; पट्टा कोठें आहे, पाण्याची नळी कोठून गेली आहे, विजेची तार कोठें वळली आहे, हें मोजपट्टी भिंतीला धरून त्यांत दिसेल असें करावें, आणि तीं खरेदीखताच्या पाकिटांतच ठेवावींत. दहा-पंधरा वर्षांनीं दांडी बसवावयाला जो कारागीर येईल, त्याला तीं काढून दाखविलीं म्हणजे तो चार ठिकाणीं टाइल फोडून पाहणार नाहीं.